घाटावर हरवलेलं मंगळसूत्र आणि ओरडणारा डिटेक्टर

प्रश्न : संगम माहुलीच्या घाटाजवळ गुडघाभर पाण्यात मंगळसूत्र तुटून पडलं. भाड्याने मेटल डिटेक्टर आणला, पण तो सारखाच वाजतो. काय चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे तळातल्या खनिजांकडे यंत्राने दुर्लक्ष करावं म्हणून करायची जुळवणी, झालेला नाही. आपल्याकडची काळी वाळू बेसाल्टची. तिच्यातल्या मॅग्नेटाइटमुळे यंत्र उगाच ओरडतं. कॉइल (यंत्राची खालची चकती) पाण्यात बुडवून, तळाजवळ वर-खाली करत बॅलन्स करा, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंच्या खुणा गाळणारी सोय) मात्र वाढवू नका. बारीक सोन्याचा यंत्राच्या पडद्यावरचा आकडा गुटख्याच्या पुडीच्या चंदेरी कागदाजवळच येतो. कचरा गाळायला जाल तर सोनंही गळेल.

काळे मणी वाजत नाहीत, नाजूक साखळी जेमतेम. कान द्यायचा तो वाट्यांच्या आवाजाला. घाटावर नाणी ढिगाने, तरी प्रत्येक खूण उकरावी लागेल, इलाज नाही. दोरीने मीटरभर रुंदीचे पट्टे आखा, कॉइल तळालगत सावकाश फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. उकरलेली वाळू बारीक चाळणीतच घ्या, मोठ्या भोकांतून वाटी निसटते.

बऱ्याच यंत्रांची फक्त कॉइल वॉटरप्रूफ असते, वरचा डबा नाही. आणि धोम किंवा कण्हेर धरणातून पाणी सोडलं असेल तर नदीत उतरूच नका.