बिऱ्हाड भाड्याचेच असते काय?

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी नुकताच स्वतःच्या मालकीच्या नव्या सदनिकेत संसार हलवला. पहिल्या संध्याकाळी मिसळणाचा डबा कोणत्या खोक्यात गेला ते कळेना, सांडशीही सापडेना. तेवढ्यात दूध उतू गेले आणि फडक्याने धरून उतरवताना उरलेले पातेले नव्या ओट्यावर लवंडले. अखेर शेजारणीने दिलेल्या हळद-तिखटावर पिठले-भात झाला. हा वृत्तांत आप्तांना कळवताना त्यांनी ‘आमचे बिऱ्हाड एकदाचे लागले, दूधही ऊतू गेले’ असे लिहिले. त्यावर त्यांच्या चुलत सासऱ्यांनी दोन हरकती घेतल्या. पहिली अशी, की बिऱ्हाड हा शब्द ‘भाडे’ या शब्दापासून झालेला असल्यामुळे स्वतःच्या घराला तो लावणे अशुद्ध आहे आणि अशुभही. दुसरी हरकत ‘ऊतू’ या लेखनाबद्दल होती. दोहोंत बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

स्वतःच्या घरातील बिऱ्हाड अशुद्ध नाही. ‘भाडे’ आणि ‘बिऱ्हाड’ यांचे नाते लावण्याचा प्रकार मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि तोही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून, की आता त्याचा एकदा निकाल लावणे भाग आहे. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ म्हणजे मोबदला, मजुरी, यापासून सरळ रस्त्याने आलेला आहे. त्यातून ‘बिऱ्हाड’ काढायचे म्हटले, तर आरंभीच्या ‘भ’मधला ‘ह’चा श्वास कोठे गेला, ‘आ’चा ‘इ’ कसा झाला आणि मधला ‘र’ कोणी आणून ठेवला, या तीनही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. ती कोणीही देत नाही. बिऱ्हाडाला भाडे पडते, एवढ्या अनुभवावरून लोक शब्दांची सोयरीक जुळवून टाकतात. मुक्कामाची जागा, त्या जागेत राहणारे कुटुंब आणि त्या कुटुंबाचे चीजवस्त हे बिऱ्हाडाचे अर्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. या शब्दातील खरी मौज त्याच्या जन्मकथेत आहे.

या शब्दाचे जुने मराठी रूप ‘बिढार’ किंवा ‘बीढार’ असे आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या मुक्कामाच्या जागेसाठी ते वारंवार येते, आणि ती जागा बहुधा एखादे देऊळ किंवा मठ असते. तेथे भाड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७५ मध्ये भालचंद्र नेमाडे यांनी हेच रूप आपल्या कादंबरीच्या नावात वापरल्यामुळे आधुनिक वाचकांच्या कानांवर ते पुन्हा आले. परंतु त्यामुळेच ‘बिढार’ हा ‘बिऱ्हाड’चा ग्रामीण अपभ्रंश आहे, असा उलटा समजही पसरला. वस्तुस्थिती अशी आहे, की बिढार आधीचे आणि बिऱ्हाड नंतरचे.

बिढाराचे माहेर कर्नाटकात आहे. कन्नडमध्ये ‘बिडार’ म्हणजे मुक्काम, तळ, उतरण्याची जागा. त्याच कुळात ‘बीडु’ हा शब्द आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत नकळत उच्चारलेला असतो, कारण होयसळांच्या जुन्या राजधानीचे आजचे नाव हळेबीडु, म्हणजे ‘जुना तळ’ किंवा ‘जुने वसतिस्थान’ असे आहे. या सर्वांच्या मुळाशी ‘बिडु’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘सोडणे’ असा आहे. सोडण्यावरून राहण्याचा अर्थ कसा आला, हे ज्याने बैलगाडीचा प्रवास पाहिला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. बैल सोडले, ओझी उतरवली, जू जमिनीला टेकले, की तेथे मुक्काम झाला. मराठीतही ‘गाडी सोडली’ म्हणजे बैल मोकळे करून थांबलो आणि ‘औत सोडले’ म्हणजे नांगरणी थांबवली, असाच अर्थ होतो. तमिळमध्ये याच धातूपासून ‘विडुदि’ म्हणजे वसतिगृह आणि ‘वीडु’ म्हणजे घर हे शब्द निघाले; आणि याच ‘वीडु’चा दुसरा अर्थ मोक्ष असा आहे, धर्म, अर्थ व काम यांच्यानंतरचा चौथा पुरुषार्थ. एकाच शब्दात घर आणि मोक्ष एकत्र नांदावेत, याच्याइतके सुंदर मला शब्दांच्या अभ्यासात फार थोड्या वेळा आढळले आहे.

येथे मला एका मोठ्या परंपरेशी मतभेद नोंदवावा लागतो. मराठीचे दक्षिणेशी असलेले नाते दाखवण्यासाठी विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ आदी ग्रंथांतून जे काम केले, त्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्यांच्यानंतर एक अशी मंडळी तयार झाली, की तिला प्रत्येक दक्षिणी शब्द तमिळमधूनच थेट आलेला दिसतो. बिढार तमिळमधून आलेले नाही, आणि याचा पुरावा त्याच्या पहिल्याच अक्षरात आहे. तमिळमध्ये जेथे ‘व’ असतो तेथे कन्नडमध्ये ‘ब’ येतो: ‘ये’ या अर्थाचे तमिळ ‘वा’ कन्नडमध्ये ‘बा’ होते, तोंडाला तमिळ ‘वाय्’ तर कन्नड ‘बायि’ म्हणतात, बोटाला तमिळ ‘विरल्’ तर कन्नड ‘बेरळु’. बिढाराचा ‘ब’ कन्नडची मोहोर घेऊनच आलेला आहे. भूगोलही हेच सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातील ‘तूप’ कन्नडच्या ‘तुप्प’शी, चंबूगबाळ्यातील ‘चंबू’ कन्नडच्या ‘चेंबु’शी आणि आजीचा ‘अडकित्ता’ सुपारी या अर्थाच्या कन्नड ‘अडिके’शी बोलतो; सीमेवर शेजारी राहणाऱ्यांनी एकमेकांकडून भांडीकुंडी आणि तूप घ्यावे, आणि मुक्कामाचा शब्द मात्र पार तंजावरहून मागवावा, हे मला पटत नाही.

दुसरा पक्ष संस्कृताभिमान्यांचा आहे. त्यांच्यातील काही विद्वान ‘विहार’ या शब्दाकडे बोट दाखवतात. बौद्ध भिक्षूंची राहण्याची जागा म्हणून विहार, आणि विहाराचे बिऱ्हाड, असा त्यांचा युक्तिवाद असतो. अर्थ जुळतो, हे मान्य. परंतु बिऱ्हाडाच्या शेवटी जो ठणठणीत ‘ड’ आहे, तो विहारात कोठे आहे? ‘ह’मधून ‘ड’ काढून दाखवल्याखेरीज ही व्युत्पत्ती विचारात घेण्याच्या पातळीलाही पोहोचत नाही, आणि ती वारंवार छापून आली म्हणून तिच्यात तो ‘ड’ उगवणार नाही.

आता बिढाराचे बिऱ्हाड कसे झाले ते पाहू, कारण या सर्व चर्चेत मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट ही आहे. ‘ढ’ म्हणजे ‘ड’ आणि त्याला जोडलेला ‘ह’चा श्वास. ‘बिढार’मध्ये मधल्या जागी हा श्वास घेतलेला ‘ड’ आहे आणि शेवटी ‘र’ आहे. बोलणाऱ्यांनी ‘ड’ आणि ‘र’ यांची अदलाबदल केली, पण श्वास मात्र जागचा हलला नाही. त्यामुळे मधल्या जागी आलेल्या ‘र’ला तो मिळाला आणि ‘ऱ्ह’ झाला, तर शेवटी गेलेला ‘ड’ श्वासाविना कोरडा राहिला. वाड्यात बिऱ्हाडकरूंनी आपसांत खोल्या बदलाव्यात आणि भिंतीतले फडताळ अर्थातच खोलीतच राहावे, तसे हे घडले. हा माझा कल्पनाविलास नाही, कारण मराठीत याचे हुबेहूब जुळे भावंड आहे. संस्कृत ‘कुठार’ प्राकृतात ‘कुढार’ झाला आणि आज आपण ‘कुऱ्हाड’ म्हणतो. बिढारचे बिऱ्हाड, कुढारची कुऱ्हाड: तीच अक्षरे, तीच अदलाबदल, तोच जागीच राहिलेला श्वास. हिंदीतील ‘कुल्हाड़ी’मध्येही श्वास मधल्याच जागी आहे. ज्यांना विहार हवा आहे, त्यांनी कुऱ्हाडीचे काय करायचे ते आधी सांगावे.

कन्नड ‘बिडार’मधील साध्या ‘ड’चा मराठीत ‘ढ’ का झाला, हा प्रश्न उरतो. माझा तर्क असा आहे, की अस्सल देशी कन्नड शब्दांत महाप्राण, म्हणजे ‘ढ’सारखी ‘ह’चा श्वास जोडलेली व्यंजने, जवळजवळ नसल्यामुळे आणि कन्नड बोलणारे संस्कृतातून घेतलेल्या शब्दांतील महाप्राणही पुष्कळदा सौम्य करत असल्यामुळे, त्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द घेताना मराठी माणसाने हरवला असेल अशा समजुतीने श्वास आपल्या पदरचा घातला. हा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. परंतु मला तो दिवसेंदिवस अधिकच पटत चालला आहे.

आता स्वतःच्या सदनिकेचा प्रश्न. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही बिऱ्हाडाचा रोख तात्पुरत्या मुक्कामाकडे आहे, आणि चुलत सासऱ्यांच्या हरकतीत काही तथ्य असेल तर ते एवढेच. पण कल्याणीच्या चालुक्यांच्या शिलालेखांत राजाच्या राजधानीला ‘नेलेवीडु’ असे म्हटलेले आढळते. ‘नेले’ म्हणजे स्थिर जागा आणि ‘वीडु’ हा समासात आलेला तोच ‘बीडु’. सम्राटाने आपल्या मालकीच्या राजधानीला जो शब्द लावला, त्याच्या वंशजाने नाशिकच्या दोन खोल्यांत यायला कसली लाज बाळगायची? शिवाय मराठीत बिऱ्हाड मोजले जात असे ते चुलीवरून. पुण्याच्या वाड्यात किती बिऱ्हाडे आहेत, या प्रश्नाचा अर्थ किती घरी वेगळा स्वयंपाक होतो, असा असे. सख्ख्या भावांनी चूल वेगळी केली की त्याच छपराखाली दोन बिऱ्हाडे होत. त्या दृष्टीने शेजारणीच्या तिखटावर का होईना, ज्या क्षणी त्या ओट्यावर पिठले रटरटले, त्या क्षणी तेथे बिऱ्हाड झाले, मग दप्तरात मालक म्हणून नाव कोणाचेही असो.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हणही भाड्याच्या पक्षाला अनुकूल नाही. विंचवाची मादी नवजात पिल्लांना, त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत, पाठीवर घेऊन हिंडते. तिच्या पाठीवर घर नसते, लेकरे असतात, आणि म्हणीने त्यांनाच बिऱ्हाड म्हटले आहे. ‘बिऱ्हाडबाजले’ या जोडशब्दातील ‘बाजले’ म्हणजे खाट. कुटुंब आणि त्याची खाट मिळून जे हलते ते बिऱ्हाडबाजले.

प्रश्नकर्त्या भगिनींच्या वाक्यात दुरुस्ती हवीच असेल, तर ती क्रियापदात करावी. बिऱ्हाड करतात, मांडतात, थाटतात, हलवतात आणि मोडतात. ‘लागते’ ते घर: डबे फळीवर गेले, पडदे चढले, खोकी रद्दीत गेली, की घर लागले. मिसळणाचा डबा सापडण्याआधी बिऱ्हाड मांडून झालेले असू शकते, घर मात्र लागलेले नसते, आणि मराठीने हा बारीक फरक राखून ठेवला आहे तो आपण ‘शिफ्ट झालो’ या एका शब्दात बुडवून टाकावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याहून वाईट वाटते ते दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत ‘बिर्हाड’ असे, ‘ह’च्या डोक्यावर रफार देऊन लिहिलेले पाहून. येथे ‘ऱ्ह’च हवा, जसा तो वऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट आणि तऱ्हा यांत आहे.

जाता जाता, सांडशी नसल्यामुळे दूध सांडले म्हणून त्या दोन शब्दांचे नाते कोणी जोडू नये. सांडशी संस्कृत ‘संदंश’ म्हणजे चिमटा यापासून आली आहे.

राहिले उतू गेलेले दूध. नव्या घरात पहिल्या दिवशी दूध मुद्दाम उतू जाऊ देण्याची आपल्याकडे पद्धतच असल्यामुळे, त्या प्रसंगात अशुभ शोधणाऱ्यांनी निश्चिंत असावे. लेखनाबद्दलची चुलत सासऱ्यांची हरकत मात्र योग्य आहे. ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ यातील ‘ऊत’ या नामाचा ‘ऊ’ दीर्घ आहे, कारण शब्द अकारान्त आहे. परंतु पुढे दुसरा स्वर आला की तो ऱ्हस्व होतो. तूप, पण तुपात. ऊस, पण उसाला. ऊत, पण उताला. म्हणून दूध ‘उतू’ जाते, पहिला ‘उ’ ऱ्हस्व आणि शेवटचा दीर्घ.