टेंट वॉटरप्रूफ आहे, मग मॅटखाली पाणी कुठून येतं?

प्रश्न थोडक्यात असा: टेंट नवा आहे, वॉटरप्रूफ आहे, खाली जाड प्लॅस्टिकही अंथरतो, तरी पावसात सकाळी मॅटखाली ओल असते. वरून वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारावा का?

स्प्रेचं नंतर बघू. आधी सांगा, ते प्लॅस्टिक टेंटच्या बाहेर किती डोकावतंय? यावरून मी इतक्या जणांशी वाद घातलाय की 'मॅटखाली' हा शब्द वाचल्यावर गप्प बसवेना.

फ्लायवरून, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या आवरणावरून, ओघळलेलं पाणी कडेला पडतं आणि जमिनीत मुरतं. तिथे चार बोटं प्लॅस्टिक बाहेर आलेलं असलं की ते मुरत नाही. प्लॅस्टिकवरून आत सरकतं आणि टेंटचा तळ नि प्लॅस्टिक यांच्यामध्ये अडकतं. थोडक्यात, टेंट तुम्ही परातीत ठेवलाय.

"पण तळ वॉटरप्रूफ आहे ना!" हे यावरचं ठरलेलं उत्तर. आहे, पण किती? लेबलवर ३००० मिमी असेल तर ते कापड ३ मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो. आता गुडघा टेकून स्लीपिंग बॅग गुंडाळणारा माणूस घ्या. गुडघ्यावर ३० किलो भार धरा आणि टेकलेली जागा ३० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला १ किलो झाला, म्हणजे १० मीटर पाणी! खाली पाणी अडकलेलं असेल तर ते कापडातून वर झिरपणारच. कोपर, टाच, सगळ्यांचं हेच.

म्हणून खालची शीट तळापेक्षा चारही बाजूंनी ५ ते ७ सेंटिमीटर लहान हवी. कापायची नसेल तर कडा खालच्या अंगाला दुमडा. वरच्या अंगाला दुमडलीत तर त्या घडीत पाणी साठतं. टेंट ताणला की थोडा सरकतो, त्यामुळे खुंट्या ठोकून झाल्यावर चारही कोपऱ्यांखाली हात घालून शीट चाचपा. आणि हट्टच असेल मोठ्या प्लॅस्टिकचा, तर ते टेंटच्या आत अंथरा, कडा भिंतींवर वीतभर चढवून. खालून झिरपलंच तर ते प्लॅस्टिकखालीच राहतं. तळाला खडे टोचू नयेत एवढं मात्र मग तुम्ही बघायचं.

भोवती चर खणा, असं कुणीतरी सांगेलच. जागा जरा उंचवट्यावर आणि गवताची निवडली तर चर लागत नाही. खोलगट जागेत तो पुरत नाही. शिवाय जमीन खराब होते ती वेगळीच.

ओल भिंतींवर असेल तर प्रकरण वेगळं. फ्लायच्या आतल्या बाजूला सगळीकडे बारीक थेंब म्हणजे तुमच्याच श्वासाची वाफ. पावसातही वरचे व्हेंट (हवेचे झरोके) उघडे ठेवा आणि ओले कपडे आत वाळत घालू नका. थेंब एका शिलाईच्या रेषेतच असतील तर ती गळती. नायलॉन भिजलं की सैल पडतं, फ्लाय इनरला, म्हणजे आतल्या टेंटला, चिकटते आणि वाफेचं पाणी आत येतं. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने दोऱ्या पुन्हा ताणा.

आता स्प्रे. त्याने पाणी कापडावरून घरंगळतं, गळकी शिलाई बुजत नाही. तिला सीम सीलरच (शिलाई बुजवणारा लेप) लागतो, तोही कापडाच्या कोटिंगप्रमाणे: सिलिकॉन कोटिंगवर पॉलियुरेथेनचा सीलर धरत नाही. सीलर लावून रात्रभर वाळू द्या. घरी आल्यावर टेंट सावलीत पूर्ण वाळवूनच गुंडाळा. ओला बांधून ठेवला की पॉलियुरेथेनचं कोटिंग चिकट होतं, वास मारतं आणि सोलून निघतं. त्यावर कुठलाच स्प्रे चालत नाही.

हे सगळं नायलॉन-पॉलिएस्टरच्या दुहेरी टेंटबद्दल. सुती कॅनव्हासचा असेल तर पहिल्या वापराआधी एकदा पूर्ण भिजवून वाळवा, धागे फुगून भोकं बुजतात. भिजलेल्या कॅनव्हासला आतून हात लावू नये म्हणतात ते मात्र खरं आहे. लावलात की तिथून पाझरतं.