कागद आधी वाचणारा वकील बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल सांजच्याला तुझी माय घरी येऊन गेली. रडली नाही, पण पदराची गाठ सारखी सोडत-बांधत होती. वावरातल्या रोडग्याच्या जेवणावरून परतताना नाक्यावर तुला मशीनमध्ये फुंकायला लावलं, गाडी जमा झाली आणि आता कोर्टाचं समन्स आलं, एवढं तिच्याकडून कळलं. मी वकील नाही. पण तालुक्याच्या कोर्टात वकिलाचा कारकून म्हणून तीस वर्षं फायली बांधल्या, त्या हक्कानं लिहितो.

गावात सगळे एकच सांगतील, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." माझ्या धाकट्या भावानं हेच केलं. पाच मिनिटांत सुटला. पुढं ड्रायव्हरच्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली, तेव्हा ती पाच मिनिटं आडवी आली. दारू पिऊन गाडी चालवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ हेल्मेटच्या चलनासारखं नाही रे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं, तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड १५,०००. वर लायसन्सही जाऊ शकतं. म्हणून कागद वाचल्याशिवाय कबुली देऊ नको.

फुंकल्यावर मशीनमधून निघालेली ती बोटभर चिठ्ठी तुझ्याजवळ असेल तर आजच झेरॉक्स काढ. तो कागद उन्हात, खिशात ठेवला की अक्षरं उडतात. चांगला वकील आधी तीच मागतो. मी ज्यांच्याकडं होतो ते साहेब चष्मा कपाळावर सारून चिठ्ठी अगदी डोळ्यांशी नेत. तिच्यावरची वेळ, आकडा, मशीनचा नंबर. मग ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावरची वेळ. मग रक्ताच्या बाटलीचं सील आणि ती प्रयोगशाळेत कधी पोचली ते. सगळं एकाखाली एक पेन्सिलीनं लिहून काढत. पक्षकाराशी बोलणं त्यानंतर.

अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं कलम २०२ सांगतं. कोणी म्हणेल, "दोन तास उलटले, केस खल्लास!" तसं नाही. त्या कलमानुसार कोठडीतून सोडावं लागतं. खटला आपोआप पडत नाही. एवढा फरक जो तुला नीट समजावून सांगेल, त्याच्याकडं वकालतनामा दे. आणि पूल ओलांडून वर्ध्याच्या हद्दीत पकडलं असेल तर तेही सांग. तो दारूबंदीचा जिल्हा. दारूबंदी कायद्याचं कलम सोबत लावलंय का, ते बघावं लागेल.

"निकाल आपल्या बाजूनं लागलाच समज" म्हणणाऱ्या वकिलाच्या दारात थांबू नको. "आत द्यावे लागतात" म्हणून रोख मागणाऱ्याच्या तर मुळीच नाही. फी ठोक की तारखेवारी, हे पहिल्या दिवशी विचार आणि पावती घे. विचारायला लाजू नको, आपला कापूस विकताना भाव विचारतोच ना आपण. पैशाची ओढाताण असेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, कमी उत्पन्नाचे, यांना तिथं वकील फुकट मिळतो. फोन १५१०० वर लागतो.

वकिलाला मात्र खरं सांग. किती प्यालास, कधी, सोबत कोण होतं, सगळं. साहेबांसमोर खोटं बोललेले पक्षकार मी उलटतपासणीत उघडे पडताना पाहिलेत, आणि तेव्हा वकिलाच्या हातात काही उरत नाही. कागद पक्के निघाले आणि वकीलच म्हणाला, "कबुली देऊन शिक्षा कमी मागू," तर ते ऐक. तो सल्लाही चांगल्या वकिलाचाच असतो.

सोमवारी साडेदहाला कोर्टाच्या फाटकाजवळच्या कडूनिंबाखाली ये. समन्स, लायसन्स, चिठ्ठी, रुग्णालयाचा कागद, सगळं एका पिशवीत घे. मी दोघा-तिघांशी तुझी गाठ घालून देतो, निवड तू कर. गाडी सुटली असली तरी त्या दिवशी एसटीनंच ये. मायला सांग, मी सोबत आहे.

तुझा काका