वाचकांचे प्रश्न : इंडिकेटर पेटतात, पण लुकलुकत नाहीत

प्रश्न : माझ्याकडे १९७५ सालची, ६ व्होल्टची एक लहान जपानी मोटारसायकल आहे. गेल्या वर्षी ती पूर्ण सुटी करून, चॅसिस आणि मडगार्डला नवा रंग देऊन पुन्हा जोडली. तेव्हापासून इंडिकेटर नीट चालत नाहीत. डावीकडचे दोन्ही दिवे पेटतात, पण पेटलेलेच राहतात आणि मागचा दिवा मंद वाटतो. उजवीकडचे दिवे इंजिनाचा वेग वाढवला की सावकाश लुकलुकतात. वेग उतरला की तेही स्थिर होतात. दोन नवे फ्लॅशर (दिव्यांची उघडझाप करणारी डबी) बसवून पाहिले, फरक पडला नाही. बॅटरीवर ताण नको म्हणून पुढचे दोन्ही बल्ब १० वॅटचे घातले आहेत, मागचे मूळचे १८ वॅटचे आहेत. आता तिसरा फ्लॅशर घ्यावा, की सगळे वायरिंगच बदलावे?

उत्तर : तिसरा फ्लॅशर घेऊ नये आणि वायरिंगलाही तूर्त हात लावू नये. डाव्या आणि उजव्या बाजूला मिळून फ्लॅशर एकच असतो. तो उजवीकडे, रडतखडत का होईना, उघडझाप करत असेल तर तो निर्दोष आहे. दोष त्याच्यातून पुरेसा विद्युतप्रवाह न खेचला जाण्यात आहे, आणि आपल्या पत्रावरून त्याची दोन वेगवेगळी कारणे दिसतात.

जुना औष्णिक फ्लॅशर ही फार साधी वस्तू आहे. इंडिकेटरच्या बल्बांकडे जाणारा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. त्या प्रवाहाने आतली द्विधातूची (दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवलेली) पट्टी तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. दिवे विझले की पट्टी निवते, पूर्वपदावर येते आणि दिवे पुन्हा पेटतात. म्हणजे उघडझापीचा ठेका बल्बच धरतात, फ्लॅशर फक्त त्यांच्या तालावर चालतो. म्हणूनच त्याच्या डब्यावर व्होल्टबरोबर वॅटही छापलेले असतात. आपल्या गाडीत एका बाजूला १८ वॅटचे दोन बल्ब गृहीत धरलेले आहेत, म्हणजे ३६ वॅट आणि ६ व्होल्टला ६ अँपिअर. आपण पुढे १० वॅटचा बल्ब घातल्यावर ही बेरीज २८ वॅटवर, म्हणजे सुमारे ४.७ अँपिअरवर आली. पट्टीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे प्रवाह पाऊणपटीच्या आसपास आला, तरी उष्णता जवळजवळ ६० टक्क्यांवर घसरते. एवढ्या उष्णतेत पट्टी कशीबशी वाकते किंवा अजिबात वाकत नाही. इंजिनाचा वेग वाढल्यावर चार्जिंगमुळे व्होल्टेज थोडे चढते आणि तेवढ्यावर उजवी बाजू जिवंत होते. बॅटरीची काळजी घेण्याचा आपला हेतू चांगला होता, पण इंडिकेटर मिनिटभरसुद्धा चालू नसतात; तिथे वाचवलेल्या वॅटांनी बॅटरीचे काहीच भले होत नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे पुढे १८ वॅटचे, ६ व्होल्टचेच बल्ब परत घालणे. (१२ व्होल्टचा बल्ब होल्डरमध्ये बिनतक्रार बसतो, म्हणून धातूच्या टोपीवरचा आकडा वाचूनच घ्यावा.)

डावी बाजू वेग वाढवूनही हलत नाही आणि मागचा दिवा मंद आहे, यावरून दुसरे कारण रंगात असावे असे मला वाटते. अशा गाड्यांत बहुधा बल्बकडे एकच वायर जाते. परतीचा प्रवाह होल्डर, इंडिकेटरची दांडी, मडगार्ड आणि चॅसिस यांतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे येतो. रंग, विशेषतः पावडर कोटिंग, हा उत्तम विद्युतरोधक आहे. जुन्या गाडीत बोल्टखाली उघडा लोखंडी पत्रा होता, तिथे आता चकचकीत रंगाचा थर आहे आणि सगळा अर्थ (अर्थिंग, म्हणजे हा परतीचा मार्ग) बोल्टच्या आट्यांतून जेमतेम पोहोचतो आहे. ६ व्होल्टच्या गाडीला हे फार जड जाते, कारण तेवढ्याच वॅटसाठी तिला १२ व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट प्रवाह लागतो. एका बल्बच्या ३ अँपिअरच्या वाटेत नुसता ०.३ ओहमचा रोध आला, तरी ०.९ व्होल्ट, म्हणजे सहापैकी जवळजवळ एक व्होल्ट, तिथेच खर्ची पडतो.

हे अंदाजावर सोडू नये, मोजावे. मात्र मोजताना दिवे पेटलेले असले पाहिजेत, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर लावलेला मल्टिमीटरही इथे फसवतो, कारण त्याच्या क्षीण प्रवाहाला जो जोड चालतो तो ३ अँपिअरला चालेलच असे नाही. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. विश्रांतीत ती ६.३ व्होल्टच्या आसपास असावी. मग डावा इंडिकेटर लावून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल टोक मागच्या बल्बच्या होल्डरच्या धातूला लावावे. (डावे दिवे स्थिर पेटतात हे इथे उपकारकच आहे, नाहीतर आकडा नाचत राहतो, उजवीकडे मोजताना फ्लॅशरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडून घ्याव्यात.) आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला आहे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर चोर सापडला. खात्रीसाठी होल्डरच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी वायर थेट धरावी. दिवा उजळला, तर उरलेली शंकाही फिटते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. दांडीच्या बोल्टखाली, जिथे वॉशर टेकतो तेवढ्याच गोल जागेचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा, म्हणजे गंज धरणार नाही. मडगार्ड चॅसिसला जिथे जोडला आहे तिथे आणि बॅटरीची अर्थ वायर चॅसिसला जिथे बसते तिथेही हेच करावे. नव्या रंगावर पॉलिश पेपर चालवायला जीव होत नसेल, तर दांडीच्या आतून १ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर काढून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. इंडिकेटर रबरावर बसवलेले असतील तर अशी वायर लागतेच.

एवढे करूनही मागचा दिवा मंद राहिला तर धन बाजू पाहावी : दिवा पेटलेला असताना लाल टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि काळे टोक क्रमाने फ्लॅशरच्या आत येणाऱ्या पिनेला, बाहेर जाणाऱ्या पिनेला आणि शेवटी बल्बच्या मधल्या टोकाला लावत जावे. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथला जोड साफ करावा. बहुतेकदा तो हेडलाइटच्या आतला बुलेट कनेक्टर (वायरी जोडणारी गोळीच्या आकाराची पिन), फ्यूजची पकड किंवा हँडलवरचा स्विच निघतो. स्विच उघडताना गाडीवर चादर पसरावी. आत बारीक स्प्रिंग आणि छर्रा असतो आणि तो उडाला की मीही तासभर जमिनीवर रांगलो आहे.

उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा झाली की काम झाले असे समजावे. आपण घेतलेले दोन्ही फ्लॅशर टाकू नयेत. डब्यावरचे व्होल्ट आणि वॅट जुळणारा एक गाडीत ठेवावा आणि तो रबरी पट्ट्यातच अडकवावा, कारण इंजिनाच्या थरथरीने त्याचे संपर्क बिघडतात.

प्रश्न : माझ्या १२ व्होल्टच्या जुन्या गाडीला एलईडी इंडिकेटर आणि त्यांच्यासाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. आता कोणतीही बाजू लावली तरी चारही दिवे लुकलुकतात. फ्लॅशर सदोष आहे का?

उत्तर : नाही. आपल्या स्पीडोमीटरवर, इंडिकेटर चालू असल्याचे दाखवणारा, दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच खुणेचा दिवा असणार. त्याचे एक टोक डाव्या आणि दुसरे उजव्या वायरला जोडलेले असते. डावी बाजू लावली की तो उजवीकडच्या बल्बांच्या तारेतून अर्थ मिळवतो. तेवढ्या किरकोळ प्रवाहाने २१ वॅटचे बल्ब पेटत नाहीत, पण एलईडीला तो भरपूर होतो. खुणेचा दिवा काढून पाहावा. दोन बाजू वेगळ्या झाल्या तर निदान पक्के. मग १एन४००७ क्रमांकाचे दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग) घेऊन डाव्या आणि उजव्या वायरपासून एकेक डायोड काढावा, त्यांची पट्टा असलेली टोके एकत्र करून खुणेच्या दिव्याच्या एका टोकाला जोडावीत आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला द्यावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांप्रमाणे बॅटरीचे धन टोक चॅसिसला असेल तर डायोड उलटे बसवावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरही त्या जोडणीला चालणाराच लागतो.