बदकं पटापट मरतायत, काय करू?

प्रश्न: दादा, आमची बदकं ओढ्यावर चरतात, मागच्या आठवड्यापासून हिरवट पातळ हगवण, पंख खाली पडलेत, उजेडात डोळे मिटून बसतात आणि चांगली मोठी बदकं एकदम मरतायत. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलंय, ते चालू ठेवू का?

उत्तर: ताई, लक्षणं डक प्लेगची वाटतायत, पण खात्री लॅबमध्येच होते. हा हर्पिस गटातला व्हायरस, त्यामुळे अँटिबायोटिकने तो मरत नाही, फार तर वरून झालेलं दुसरं इन्फेक्शन आटोक्यात येतं. आणि वाचलेलं बदक पण बरीच वर्षं व्हायरस बाळगून राहू शकतं, विष्ठेतून पाण्यात सोडतं, म्हणून ओढ्यावर सोडणं आजच बंद करा, आजारी वेगळी ठेवा, नवीन बदकं तर आणूच नका. लस आहे याची, साधारण दोन-अडीच महिन्यांच्या बदकांना देतात. फक्त लहान पिल्लं मान मागे टाकून तडफडून मरत असती तर मी व्हायरल हेपटायटिस (व्हायरसने होणारा लिव्हरचा आजार) म्हटलं असतं, तो मोठ्यांना सहसा त्रास देत नाही.

आता बर्ड फ्लूचं, कारण बदकं अशी मरतायत तर तोही असू शकतो. बदक कधीकधी काहीच न दाखवता तो पसरवतं, पण नेहमीच नाही हां, 2014 ला केरळात कुट्टनाडला बदकंच मेली होती. म्हणून मेलेलं बदक उघड्या हाताने धरू नका, ओढ्यात टाकू नका आणि कापून खाणं तर अजिबात नको (लोक खातात, म्हणून सांगतोय). आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, सॅम्पल ते घेतील, मग चुना टाकून खोल पुरा.