बसच्या रांगेतले प्रेम

प्रश्न : ‘छोटी सी बात’ हा चित्रपट मी वर्षातून एकदा तरी पाहतो. माझी मुलगी म्हणते की त्यात काही घडतच नाही आणि नायक मुलीच्या मागे फिरत राहतो, हे तर आज मुळीच खपणार नाही. मग या साध्या चित्रपटाची गोडी नेमकी कशात आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘साधा’ म्हटले की दिग्दर्शक बासू चटर्जी यांच्या कारागिरीवर थोडा अन्याय होतो. १९७५ मध्ये ‘दीवार’ आणि ‘शोले’ गाजत होते. त्याच सुमाराच्या या चित्रपटात अरुण (अमोल पालेकर) आणि प्रभा (विद्या सिन्हा) यांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः बसथांब्यावरचा वेळ, आणि प्रभाचा सहकारी नागेश (असरानी) स्कूटर घेऊन आला व प्रभा मागे बसून गेली, की तेवढाही वेळ अरुणच्या हातून निसटतो. खलनायकाच्या पिस्तुलापेक्षा ही स्कूटर अधिक बोचते, कारण रांगेत ताटकळत असताना दुसऱ्याचे वाहन पुढे निघून गेलेले मुंबईतल्या नोकरदाराने हजारदा पाहिलेले असते. ईर्ष्येने अरुण जुनी मोटारसायकल घेतो, तर तीही त्याच्या गळ्यात पडते! चित्रपटगृहात धर्मेंद्र आणि हेमा मालिनी यांचे गाणे पाहताना तो त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला कल्पितो, तेव्हा भव्य सिनेमाची थट्टाही होते आणि त्याचे आपल्यावरचे गारूडही मान्य केले जाते.

तुमच्या मुलीचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. अरुण मागे मागे जातो, हे खरेच आहे. पण प्रभाला ते ठाऊक आहे आणि हा गृहस्थ बोलणार तरी कधी, याची तिला उत्सुकता आहे, हे आपल्याला दाखवले जाते. मला स्वतःला, प्रभाला जिंकण्यासाठी बुजरा अरुण ज्याच्याकडे शिकायला जातो त्या खंडाळ्याच्या कर्नलचे धडेच अधिक खटकतात, कारण त्या धड्यांनंतरचा चलाख अरुण मला आधीच्या अडखळणाऱ्या अरुणइतका जवळचा वाटत नाही. अशोककुमार मिश्किलपणे ती भूमिका करतात, म्हणून तो भाग निभावतो.

पुढच्या वेळी मुलीला शेजारी बसवून चित्रपट पाहा, आणि बसथांब्यावरच्या प्रसंगांत अरुणऐवजी प्रभाच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यायला सांगा.