सालोमेचं एकतर्फी प्रेम एकटीनं स्केटिंग करून कसं दाखवायचं?

तुम्ही फ्री स्केटसाठी (स्पर्धेतला लांब प्रोग्रॅम) ऑस्कर वाइल्डच्या नाटकातली सालोमे घेतलीय आणि विचारताय की योकानान, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, बर्फावर नसताना तिचं प्रेम एकतर्फी आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं. मी हौशी स्केटर आहे, अधूनमधून इतरांचे प्रोग्रॅमही बसवते, आणि याच पात्रावर एकदा सपशेल आपटलेय. (बर्फावर नव्हे. तिथे तर रोजच आपटते.)

आधी माझी चूक सांगते. सगळं दुःख मी चेहऱ्यावर आणि छातीवर धरलेल्या हातांत कोंबलं होतं. रिंक ६० बाय ३० मीटरची. पलीकडे बसलेल्या मैत्रिणीनं नंतर काळजीनं विचारलं, "मध्येच पोटात दुखायला लागलं होतं का गं?"

मग नाटक पुन्हा वाचलं. योकानान जमिनीखालच्या हौदात कैद आहे. त्याला बाहेर आणलं तरी तो तिच्याकडे बघायला तयार नाही. आणि तिचा तो गाजलेला नाच त्याच्यासाठी नाहीच, हेरोदसाठी, म्हणजे तिच्या सावत्र बापासाठी आहे. अंग एकाकडे, जीव दुसऱ्याकडे. स्केटिंगमध्ये ही मांडणी आयती मिळते, कारण पंच रिंकच्या लांब बाजूला रांगेत बसलेले असतात. त्यांनाच हेरोद करून टाका! मनगटं, कंबर, हसू, सगळा नखरा त्यांच्यासाठी. हौद मात्र रिंकच्या एका टोकाला, कठड्यालगत ठरवा आणि चारही मिनिटं तो तिथून हलवू नका. नखरा करताना नजर अधूनमधून तिकडे निसटली पाहिजे, तीही क्षणभरच.

आता उड्या. अ‍ॅक्सेल (पुढे तोंड करून घ्यायची उडी) सोडला तर बाकी सगळ्या उड्या उलटं सरकत घेतात, आणि उतरतातही उलटं सरकतच. म्हणून हौदाच्या बाजूनं सुरुवात करा, त्याच्याकडे तोंड करून मागे जात राहा आणि ट्रिपल घ्या. हवेत तीन फेरे होतात, उतरता तेव्हा तोंड पुन्हा त्याच्याचकडे, हात आपसूक पसरलेले, आणि ब्लेड मात्र तुम्हाला त्याच्यापासून लांब नेत असतं. लँडिंगचा तो आउटसाइड एज (ब्लेडची बाहेरची धार) दोन-तीन सेकंद तसाच धरून ठेवा, लगेच पुढच्या स्टेपला धावू नका. रंगमंचावर नटीला मागे जायला पावलं टाकावी लागतात, म्हणजे ती स्वतःहून चाललीय असं दिसतं. इथे काहीही न करता अंतर वाढत जातं. माझ्या मते सगळं एकतर्फी प्रेम त्या सरकण्यात आहे, डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही.

अ‍ॅक्सेल एकदाच, तोही थेट हौदाच्या दिशेनं. जाताना तोंड त्याच्याकडे, उतरताना पाठ. नकार दाखवायला तेवढं पुरतं, वर हातवारे नकोत.

अमेरिकेच्या मिशेल क्वाननं १९९६ साली एडमंटनला सालोमे करूनच जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती १५ वर्षांची होती. प्रोग्रॅम लोरी निकॉलनं बसवलेला. जरूर बघा, पण बोलबाला झाला म्हणून तिचा मेकअप उचलू नका. गुणांचं म्हणाल तर अभिनयाचा वेगळा रकाना नाहीच. उड्या-गिरक्यांचे गुण सोडले तर कॉम्पोझिशन (रचना), प्रेझेंटेशन (सादरीकरण) आणि स्केटिंग स्किल्स (स्केटिंगचं कसब), एवढे तीनच.

नाटकात नाचाचं बक्षीस म्हणून ती योकानानचं शिर मागते, पण शेवटी कापलेलं शिर वगैरे दाखवायच्या भानगडीत पडू नका, हसू होतं. मी शेवटची पोझ हौदापाशी, पंचांकडे पाठ करून ठेवली होती. एका जाणत्या बाईंनी त्यावर नाक मुरडलं, तरी मी ती बदलली नाही.

सरावात एक करा: हौदाच्या जागी कठड्यावर हातमोजा ठेवा. आठवड्यानं तो काढून घ्या आणि कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगून बघा, डोळे अजून तिथेच जातात का.